सेन्सर नवा, थर्मोस्टॅट नवा, तरी हायवेवर कूलंटचं तापमान ६३ च्या वर दिसत नाही

नाशिककर१२००:

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, बीएस-४. बाहेरून बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे.

लक्षणं: गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी परत चावी मारली की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि सुरू झाल्यावर पेट्रोलचा वास येतो. आयडलिंग ७५० ला असायचं, आता ९०० च्या खाली उतरत नाही. पेट्रोलवर ॲव्हरेज १७ वरून १४ वर. एसी बंद ठेवून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं तर रेडिएटरचा फॅन लागतच नाही, रिझर्व्ह बाटलीत पाणी खदखदतं. एसी लावला की फॅन लगेच फिरतो आणि सगळं शांत.

चेक इंजिन लाइट आहे, कोड पी०१२८. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडझाप करणारी झडप) बदलला, मग टेंपरेचर सेन्सर. काडीचा फरक नाही. आता वॉटर पंप आणि हेड गॅस्केटपर्यंत गोष्ट आली आहे.

ब्लूटूथ डोंगल लावून ॲपवर घेतलेली रीडिंग: सकाळी स्टार्ट करण्याआधी कूलंट १४, इनटेक हवा १६, बाहेर १६. अर्धा तास हायवेला चालवल्यावर कूलंट ६२-६३. ट्रॅफिकमध्ये बाटली खदखदत असताना ६८. लाँग टर्म फ्यूल ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवलं-कापलं ते) उणे ११ ते १२. सीएनजी किटवाल्याने लॅपटॉप लावला तेव्हा रिड्युसरचं (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) तापमान ८४ दाखवत होतं, आणि गाडी पेट्रोलवरून गॅसवर नेहमीच्याच वेळेत जाते.

नवा सेन्सर खराब निघाला म्हणायचा, की इंजिन खरंच गरम होत नाहीये?

तारजोड:

गॅस्केटला हात लावू देऊ नका. उत्तर तुमच्याच रीडिंगमध्ये आहे.

रिड्युसर स्वतः गरम होत नाही. त्याला इंजिनचं कूलंट पाइपातून फिरवून गरम करतात, शिवाय आत गॅस प्रसरण पावताना तो सतत थंड होत असतो. म्हणजे रिड्युसर इंजिनपेक्षा चार-आठ अंश कमीच असणार. ज्या पाण्याने रिड्युसर ८४ ला नेला ते पाणी ६३ अंशांवर असूच शकत नाही. इंजिन ९० च्या आसपास आहे आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते ६३ वाटतंय. सीएनजी किटचा सेन्सर वेगळा, त्याची वायर वेगळी, त्याचा कॉम्प्युटर वेगळा, म्हणून गॅसवर जाण्याची वेळ बिघडली नाही. गाडीत फुकटचा दुसरा थर्मामीटर बसलेला आहे, तो कुणी बघितलाच नाही.

बाकीची लक्षणं याच ओळीत बसतात. ईसीयू इंजिन कोमट समजतो, म्हणून गरम स्टार्टला पेट्रोल जास्त सोडतो आणि आयडल वर ठेवतो. चालताना ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण श्रीमंत आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), तेव्हा तो पेट्रोल कापतो. ते तुमचं उणे १२ ट्रिम. सेल्फ मारताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मात्र ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही, तिथे जास्तीचं पेट्रोल तसंच जळतं किंवा न जळता बाहेर पडतं. फॅन ९५-९८ च्या आसपास लावायचा असतो, ईसीयूच्या हिशोबात ती वेळ कधी येतच नाही. एसीसोबत फॅन चालतो, म्हणजे मोटर, रिले, फ्यूज तिन्ही ठणठणीत.

सेन्सर बदलूनही आकडा तोच, तर उरतं वायरिंग. मला जास्तीचा रेझिस्टन्स दिसतोय, आणि किती तेही साधारण सांगता येतं.

हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होतो. बऱ्याच गाड्यांत येणाऱ्या २.५ किलो-ओम जातीच्या सेन्सरचे आकडे साधारण असे:

० अंश: ५,९०० ओम
२० अंश: २,५०० ओम
४० अंश: १,१८० ओम
६० अंश: ६०० ओम
८० अंश: ३२० ओम
१०० अंश: १८५ ओम

९० अंशांना सेन्सर २४०-२४५ ओम देतो. ईसीयूला ६३ दिसतात म्हणजे त्याच्यापर्यंत ५४० ओम पोचतायत. मधले ३०० ओम वाटेत कुठेतरी घुसलेत. आता हेच ३०० ओम सकाळच्या रीडिंगला लावून बघा. १६ अंशांना सेन्सर २,९७० ओम. त्यात ३०० मिळवले की ३,२७०, म्हणजे जवळपास १४ अंश. तुमच्या ॲपवर नेमके १४ आहेत. थंड इंजिनवर दोन अंशांची चूक, गरम इंजिनवर सत्तावीस अंशांची. थंड गाडीवर मीटर लावून "सेन्सर ओके" म्हणणारा म्हणूनच फसतो.

आणखी एक बघा. सेन्सरचा रेझिस्टन्स शून्यावर गेला तरी ईसीयूला ३०० ओम दिसतच राहणार, म्हणजे ८२ अंश. इंजिन वितळलं तरी ॲप ८२ च्या वर जाणार नाही. तोवर एसी चालू ठेवूनच गाडी चालवा.

स्पॅनर१९:

वरच्याशी सहमत, पण वायरिंग उसवण्याआधी बाहेरून एकदा ताडून बघा. आयआर गन (न टेकवता तापमान मोजणारी) असेल तर थर्मोस्टॅट हाउसिंगवर सेन्सरच्या शेजारी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा. उघड्या ॲल्युमिनियमवर गन हमखास वीस-तीस अंश कमी दाखवते, चकचकीत धातू उष्णता कमी सोडतो म्हणून. त्यावरूनच कित्येक थर्मोस्टॅट उगाच बदलले जातात.

थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय की सेन्सर खोटं बोलतोय हे ओळखायची साधी रीत: थर्मोस्टॅट उघडा राहिला तर रीडिंग वेगाबरोबर हलतं. हायवेला ८० च्या स्पीडने वारा लागला की तापमान उतरतं, सिग्नलला थांबलं की चढतं, आणि कसाऱ्यासारख्या घाटात उतरताना तर पार खाली जातं. शिवाय वरची होज पाइप इंजिन सुरू केल्यापासूनच हळूहळू गरम होत जाते. चांगला थर्मोस्टॅट असेल तर ती बराच वेळ गार राहते आणि ८२ किंवा ८८ ला (आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो) एकदम चटका बसण्याइतकी तापते. सेन्सरला किंवा वायरला गाडी किती वेगात आहे ते कळत नाही.

पी०१२८ चा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळेत कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचलेलं दिसलं नाही. कोडच्या पुस्तकात "थर्मोस्टॅट" लिहिलंय म्हणून सगळे तोच बदलतात.

हेड गॅस्केटचं म्हणाल तर तिथली लक्षणं वेगळी. गॅस्केट गेलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, पाणी कोमट व्हायच्या आत, बुडबुडे येतात आणि वरची होज दगडासारखी घट्ट होते. खात्री हवीच असेल तर ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये इंजिनचा धूर शिरतोय का ते बघणारा) लावायला सांगा. निळं द्रव पिवळं झालं तर गॅस्केट, निळंच राहिलं तर विषय संपला. तुमची बाटली फॅन न लागल्याने खदखदते. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नका. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी ११० ला सुद्धा उकळत नाही; झाकण सैल केलं की त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

आणि वॉटर पंप? हिटर फुल गरम लावून बघा. आयडलला गरम वारा येत असेल तर पाणी फिरतंय.

नाशिककर१२००:

हिटर कडक गरम येतो. टेप लावून गन मारली, हाउसिंगवर ८९, त्या वेळी ॲपवर ६२. मल्टिमीटर आहे, साधा डिजिटल. पुढे नेमकं कुठे लावू?

तारजोड:

चार मोजमापं करा, क्रम बदलू नका. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, चावी परत ऑनला आणा, इंजिन सुरू करू नका. फॅनच्या पात्यांपासून हात आणि वायरी लांब ठेवा, चावी ऑन असताना फॅन कधीही लागू शकतो.

पहिलं. सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) जागेवरच ठेवून मागच्या बाजूने, वायर जिथून आत जाते तिथल्या रबरातून, बारीक टाचणी सरकवून दोन्ही पिनांना टेकवा. वायरचं इन्सुलेशन टोचू नका. त्या भोकातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि वर्षभरात दुसरा बिघाड तयार होतो. मीटर डीसी व्होल्टवर. दोन पिनांमधला व्होल्टेज लिहून घ्या.

दुसरं. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब आळीपाळीने दोन्ही पिनांना. एका पिनवर अर्धा-एक व्होल्ट मिळेल, ती सिग्नल. दुसरी पिन ईसीयूतून येणारी सेन्सर अर्थ, तिच्यावर ०.०५ व्होल्टच्या आत मिळायला हवं. जास्त मिळालं तर रेझिस्टन्स अर्थच्या वायरीत. ती स्वच्छ निघाली तर सिग्नलच्या वायरीत.

तिसरं. कपलर काढा, ॲप बघा. उणे ४० दाखवायला हवं. काही ईसीयू सर्किट तुटलं की स्वतःचा पर्यायी आकडा धरतात, बऱ्याचदा ८० च्या जवळचा, आणि फॅन फुल लावतात. त्यामुळे ॲपवर भलताच आकडा दिसला तर कोडही बघा. पी०११८ आला असेल तर ईसीयूला सर्किट तुटल्याचं कळलंय, तो आकडा सेन्सरचा नाही.

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. सुटलेल्या कपलरच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. धड वायरिंग असेल तर ॲप १३० च्या पुढे उडी मारेल आणि पी०११७ (सर्किट शॉर्ट झाल्याचा कोड) येईल. तुमच्याकडे ते ८२ च्या आसपास अडकेल असा माझा अंदाज, आणि पी०११७ येणार नाही. मग तीच वायर सिग्नल पिनवरून थेट बॅटरी मायनसला लावा. आता १३० च्या वर गेलं तर सिग्नलची वायर आणि ईसीयू दोन्ही पास.

ही जोडणी फक्त दोन वायरींच्या, ५ व्होल्टच्या सेन्सरवर करायची. ५ व्होल्ट ईसीयूच्या आतल्या रेझिस्टरमधून येतात म्हणून शॉर्ट केलं तरी काही जळत नाही. बॅटरीचा प्लस चुकूनही तिथे लावू नका, ईसीयू जाईल.

नाशिककर१२००:

केलं. आकडे:

दोन पिनांमध्ये ०.४४ व्होल्ट. सिग्नल ते बॅटरी मायनस ०.९८. अर्थ पिन ते बॅटरी मायनस ०.५४.
कपलर काढल्यावर ॲपवर उणे ४०, फॅन फुल.
दोन पिना जोडल्यावर ॲपवर ८१. कोड पी०११८ चाच, कपलर काढल्याचा. पी०११७ नाही.
सिग्नल पिन बॅटरी मायनसला लावल्यावर ॲपवर १३९.

म्हणजे अर्थची वायर?

तारजोड:

हो, शंकेला जागा नाही. सेन्सर स्वतः ०.४४ व्होल्ट देतोय, ते ९० अंशांचंच आहे. वरचे ०.५४ अर्थच्या वाटेत खर्च होतायत. या सर्किटमध्ये करंट दोन मिलिअँपिअरसुद्धा नसतो, तेवढ्याशा करंटवर अर्धा व्होल्ट पडतो म्हणजे सुमारे ३०० ओम. हेडलाइटच्या वायरीत एवढा रेझिस्टन्स असता तर दिवा लागलाच नसता. इथे करंट इतका कमी की वायर तुटायच्या बेताला आली तरी सर्किट चालूच दिसतं.

आता जागा शोधायची. सेन्सर अर्थ एकच तार नसते. इनटेक हवेचा सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल सेन्सर यांच्या अर्थ वायरी हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) एका जोडावर एकत्र येतात आणि तिथून एक वायर ईसीयूला जाते. बिघाड त्या सामाईक वायरीत असता तर सगळेच सेन्सर चुकले असते. चावी ऑन, इंजिन बंद असताना ॲपवर मॅपचं रीडिंग बघा. नाशिकच्या उंचीवर ते ९३ ते ९५ किलोपास्कल असायला हवं. तसं आलं तर सामाईक वायर चांगली, आणि खराबी कपलर ते जोड या तुकड्यातच आहे. तो तुकडा बहुतेक हॅचबॅकमध्ये हातभर सुद्धा नसतो.

कपलरपासून सुरुवात करा. आत हिरवट-पांढरं चढलंय का बघा. जुन्या सेन्सरमधून कूलंट पाझरलं असेल तर ते पिनेपर्यंत येतं आणि मग तांब्याच्या बारीक तारांमधून, समईच्या वातीत तेल चढतं तसं, इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकत जातं. बाहेरून वायर नवी दिसते, आत काळी पडलेली भुकटी. बोटांनी वायर दाबत जा. जिथे ती मऊ लागते किंवा उलट कडक होऊन कुरकुरते, तिथे सोलून बघा.

स्पॅनर१९:

उंदीर विसरू नका. थर्मोस्टॅट हाउसिंग बॅटरीच्या बाजूला असेल तर बॅटरी ट्रेखाली हमखास बघा. पाचातल्या चार तारा कुरतडलेल्या आणि उरलेला एक धागा गंजून काळा पडलेली वायर हीच लक्षणं देते. किट बसवताना हार्नेसवरची टेप सोडून परत गुंडाळली असेल तर तोही भाग तपासा. तारा पिळून वर नुसती काळी टेप मारलेला जोड इंजिनच्या उष्णतेत दोन उन्हाळे काढत नाही, टेपचा गोंद वितळतो आणि तांबं उघडं पडतं.

नाशिककर१२००:

मॅप ९४. कपलरच्या आत हिरवं आहे. वायर बारा-पंधरा सेंटिमीटर सोलली, तांबं काळंठिक्कर, मग पुढे एकदम लाल स्वच्छ. अर्थ वायर थेट बॉडीला मारून टाकू का? सोपं पडेल.

तारजोड:

नको. सेन्सरची अर्थ ईसीयूच्या आतल्या स्वच्छ अर्थाशीच जोडलेली हवी. बॉडीवर फॅन, सेल्फ, हॉर्न यांचा सगळा करंट परत येत असतो. फॅन लागला की बॉडी आणि ईसीयूमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो थेट तापमानात मिसळतो. गरम इंजिनवर एकूण सिग्नलच अर्धा व्होल्ट आहे, त्यात ०.१ इकडचं तिकडे झालं तर सात-नऊ अंशांचा घोळ. फॅन लागणार, रीडिंग हलणार, परत चक्र.

स्वच्छ लाल तांबं जिथे सुरू होतं तिथून अजून दोन-तीन सेंटिमीटर पुढे कापा. दोन पिनांचा वायरसकट कपलर मिळतो, तो आणा. दोन्ही वायरी बदला, कारण सिग्नलची पण त्याच पाण्यात भिजली आहे. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची ऑटो ग्रेड, घरच्या वायरिंगची नको. दोन वायरींचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. क्रिंप किंवा डाग (सोल्डर), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब. ट्यूब आधी वायरीत ओवा, मग जोड करा. उलट क्रम झाला तर परत कापायची वेळ येते. हार्नेस परत नळीत घालून कपलरच्या आधी वायरीला थोडा झोळ सोडा, म्हणजे वरून येणारं पाणी तिथे थेंब होऊन गळेल आणि पिनेत जाणार नाही.

नवा सेन्सर गळत नाही ना, ते पण बघा. वॉशर किंवा ओ-रिंग जुनीच लावली असेल तर कूलंट परत पाझरणार. १९ च्या डीप सॉकेटने हलक्या हाताने, १२-१५ न्यूटन-मीटर पुरे. हाउसिंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं, आटे गेले तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट.

बेळगाव_डिझेल:

मध्येच विचारतो, लक्षण उलटं आहे. चावी ऑन केली की फॅन फुल स्पीडला, इंजिन थंडगार असताना सुद्धा. एसी अधूनमधून कट होतो. थंडीत पहाटे स्टार्ट व्हायला त्रास, एकदा सुरू झाली की दिवसभर बरी. गाडी डिझेल.

स्पॅनर१९:

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड असू शकतात, एकत्र बांधू नका.

फॅन: चावी काढून घेतल्यावरही फॅन फिरत राहतो का? राहत असेल तर रिले आतून चिकटलाय, सेन्सरचा संबंध नाही. चावी काढल्यावर थांबत असेल तर ईसीयूच मुद्दाम लावतोय. तसं तो दोन कारणांनी करतो: कूलंट सेन्सरचं सर्किट तुटलंय (पी०११८) किंवा एसीच्या गॅस पाइपवरचा प्रेशर सेन्सर भलतंच सांगतोय. कूलंट सेन्सरवर विश्वास उरला नाही की ईसीयू इंजिन वाचवायला फॅन लावतो आणि कॉम्प्रेसर बंद ठेवतो. अधूनमधून होतंय म्हणजे कपलर सैल. ॲपवर कूलंटचा ग्राफ लावा आणि इंजिन चालू असताना कपलर व वायर हलवून बघा. खरं पाणी सेकंदाला वीस अंश बदलत नाही. ग्राफ दातेरी झाला, मध्येच उणे ४० ला आपटला, तर वायर सापडली.

पहाटेच्या स्टार्टसाठी रात्रभर उभ्या गाडीवर, बॉनेट न उघडता, चावी ऑन करून कूलंट आणि इनटेक हवा दोन्ही बघा. तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. कूलंट बरंच गरम दाखवत असेल तर ईसीयू ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे) कमी वेळ लावतो आणि थंड इंजिनला लागणारं जास्तीचं डिझेल देत नाही.

तारजोड:

आणि त्यामागचं गणित वरच्या केसच्या बरोबर उलटं आहे, म्हणून लिहितो. कपलरमध्ये ओल शिरली आणि दोन पिनांमध्ये समजा ५ किलो-ओमची गळती झाली. १० अंशांना सेन्सरचे ३,८०० ओम. गळतीसोबत ईसीयूला २,१६० दिसतात, म्हणजे २३-२४ अंश. पहाटे तेरा-चौदा अंशांची चूक. गरम झाल्यावर ३२० चे ३०० होतात, फरक जेमतेम दोन अंश. "एकदा सुरू झाली की बरी" याचा अर्थ हा. तर, थंडीत खोटं आणि गरमला खरं असेल तर पिनांमध्ये गळती; थंडीत खरं आणि गरमला खोटं असेल तर वायरीत जास्तीचा रेझिस्टन्स. दोन्हीकडे खोटं असेल तर सेन्सर काढून पाण्यात तपासा, नाहीतर भलत्याच जातीचा सेन्सर बसवलाय.

पाण्यात तपासताना सेन्सरचं टोक आणि थर्मामीटर दोन्ही बुडवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी ढवळत राहा. उकळत्या पाण्याला डोळे मिटून १०० धरू नका. पुणे-नाशिकच्या उंचीवर ते ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला ९६ च्याही खाली. तापमान चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा ओम लिहा. मध्येच आकडा उडाला तर थर्मिस्टरला आत तडा आहे, तो थंड असताना कधीच दिसणार नाही.

जुनी_आठशे:

माझ्या जुन्या गाडीत थर्मोस्टॅटजवळ एकाच वायरचा सेन्सर आहे आणि रेडिएटरच्या खालच्या बाजूला दोन वायरींचा. यातला ईसीयूचा कुठला?

स्पॅनर१९:

यातला बहुधा एकही नाही. एका वायरीचा डॅशबोर्डच्या काट्याचा, तो अर्थ स्वतःच्या आट्यांतून घेतो. म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली की काटा खाली राहतो. वायर काढली की काटा सी ला, वायर क्षणभर इंजिनला टेकवली की एच कडे, असं झालं तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर तपासा. काटा एच ला टेकेपर्यंत वायर धरून ठेवू नका. रेडिएटरमधला फॅन स्विच. तो तापमान मोजत नाही, ठरलेल्या अंशांना नुसता चालू-बंद होतो. त्याचा कपलर काढून दोन पिना जोडल्या आणि फॅन लागला तर स्विच बदला. ईसीयूचा सेन्सर असलाच तर दोन पिनांचा आणि इंजिनवर असतो. काही गाड्यांत तीन पिनांचा एकच येतो, दोन ईसीयूच्या, एक काट्याची.

एक लक्षात ठेवा, पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तर यातला कुठलाच खरं सांगत नाही. टोकाला पाणीच नाही, नुसती वाफ-हवा. इंजिन जळत असताना काटा मध्ये किंवा खालीच राहतो. चालू गाडीत काटा अचानक खाली पडला आणि हिटरमधून गार वारा यायला लागला तर तिथल्या तिथे बाजूला घ्या.

नाशिककर१२००:

दोन्ही वायरी आणि कपलर बदलले. अर्थ पिन ते बॅटरी मायनस आता ०.०१ व्होल्ट. गरम इंजिनवर ॲप ८८ ते ९१, एसी बंद असताना फॅन ९६ ला लागतो, ९१ ला बंद होतो. आयडल ७६०. कोड क्लिअर केला. फक्त लाँग टर्म ट्रिम अजून उणे ९ दिसतंय, आणि गॅसवर पिकअप थोडा मरतोय.

तारजोड:

फॅनचे आकडे बरोबर आहेत. कोडसोबत काही ईसीयू ट्रिमची शिकवण पुसत नाहीत, ती चालवूनच सुटते. टाकी निम्म्याच्या वर ठेवून पेट्रोलवर चालवा, गॅसचा स्विच बंद. शहर आणि हायवे दोन्ही होऊ द्या, ट्रिम अधिक-उणे ५ च्या आत आलं पाहिजे.

गॅसवरचा पिकअप त्याच्यामुळेच. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा वेळ घेऊन त्याला गुणतो. बिघाड असताना पेट्रोलच्या वेळा चुकीच्या होत्या, आणि किटवाल्याने त्याच काळात गॅसचा मॅप (त्या गुणाकाराचा तक्ता) सेट केला असेल तर तो मॅप त्या चुकीवर बेतलेला आहे. पेट्रोलचं ट्रिम बसेपर्यंत त्याला मॅपला हात लावू देऊ नका. बसल्यावर इंजिन पूर्ण गरम करून, रिड्युसर ८० च्या वर असताना नव्याने ऑटो कॅलिब्रेशन करून घ्या, आणि त्या वेळी लॅपटॉपवरचं रिड्युसरचं तापमान आणि ॲपवरचं कूलंट शेजारी शेजारी ठेवून बघा. रिड्युसर थोडा खाली असायला हवा.